किष्किंधेला जाताय? आधी नदीचं बघा

“किष्किंधा? अर्ध्या दिवसात उरकते,” असं हंपीत ज्याने आम्हाला सांगितलं, तो परत भेटला तर त्याला संध्याकाळी पलीकडच्या घाटावर नेऊन उभा करणार आहे. नुसता उभा. बाकी नदी बघून घेईल.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाका. किष्किंधा म्हणून बघायला नगर नाही. वाली-सुग्रीवाची राजधानी ती हीच, तुंगभद्रेच्या उत्तर काठावरच्या आनेगुंदीच्या आसपासची, असं परंपरेने मानलं जातं. पण पडके तट नि दरवाजे दिसतात ते बहुतेक विजयनगरच्या काळातले. रामायण उरलंय ते नावांत: अंजनाद्री, ऋष्यमूक, पंपासरोवर, मातंग, माल्यवंत. आणि धोंड्यांत. घराएवढे धोंडे एकमेकांवर असे टेकलेत की खालून जाताना मान आपोआप आत जाते. वानरांनी लढाईत फेकलेल्या या शिळा, असं तिथे सांगतात. भूगर्भवाले म्हणतात की सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट भेगा धरून झिजत गेला आणि जागच्या जागी गोल झाला. तिथे उभं राहिल्यावर मला वानरांचंच जास्त पटलं.

हंपीचे दोन दिवस मस्त गेले. त्यावर ढिगाने लिहिलेलं आहे, मी लिहीत नाही. फक्त विठ्ठल मंदिर आणि कमल महाल-गजशाळा एकाच तिकिटात होतं, पण त्याच दिवशी, म्हणून तिकीट जपून ठेवा. आणि विठ्ठल मंदिरात लोक दगडी रथापाशी फोटो काढून परत फिरतात, तसं करू नका. आत जा. गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास ती परत घेऊन गेले, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. पण तो रिकामा चौथरा समोर आल्यावर आमचा एरवी अखंड बडबडणारा मित्र पाच मिनिटं गप्प होता.

तर नदी. नकाशावर विरूपाक्ष मंदिर आणि अंजनाद्री हाताच्या अंतरावर दिसतात. मध्ये तुंगभद्रा आहे, आणि तिथे पूल नाही. सकाळी मंदिरामागच्या घाटावरून मोटारबोट मिळते, दोन-चार मिनिटांत पलीकडे. ही बोट संध्याकाळी बंद होते. नक्की किती वाजता, हे ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो, म्हणून सकाळी उतरताना बोटवाल्यालाच विचारा. आम्ही विचारलं नाही.

अंजनाद्रीच्या ५७५ पायऱ्यांची लोक उगाच भीती घालतात. किल्ले चढण्याची सवय असेल तर काही नाही. भीती माकडांची. माझी केळी तिसाव्या पायरीच्या आतच गेली, पिशवीसकट. हनुमानाचं जन्मस्थान म्हणतात, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? वरून मात्र सगळा पट दिसतो: भातखाचरं, नदी, विरूपाक्षाचं गोपुर, त्याच्या बाजूला मातंग टेकडी. दुंदुभी राक्षसाचं कलेवर वालीने भिरकावलं, रक्ताचे थेंब मातंग ऋषींच्या आश्रमात पडले आणि वालीला तिकडे पाऊल टाकायची बंदी झाली, ती गोष्ट मी वर बसून मित्राला रंगवून सांगितली. इतकी रंगवून, की उतरून पंपासरोवर उरकून घाटावर पोचेपर्यंत अंधार पडला होता. बोट पलीकडे बांधलेली. गोपुरावरचे दिवे समोर लखलखीत. आम्ही किष्किंधेत, आणि पलीकडे जायची बंदी.

मग हरिगोलवाला आला. हरिगोल म्हणजे बांबूची मोठी गोल टोपली, खालून प्लॅस्टिक आणि डांबर. “पाचशे,” म्हणाला. आम्ही दोघांचे समजलो. मध्यावर गेल्यावर त्याने वल्हं मांडीवर घेतलं. टोपली सावकाश गिरकी घ्यायला लागली. गोपुर डावीकडून उजवीकडे गेलं, दिसेनासं झालं, पुन्हा आलं. “माणशी पाचशे. बॅगचे शंभर.” लाइफ जॅकेट नाही, खाली किती पाणी ते दिसत नाही. दिले. तुम्हीही दिले असते.

ही सरळ लूट आहे, पण चूक आमची होती. अंधारात हरिगोलात बसूच नका. बसलातच तर “दोघांचे, बॅगेसकट, पलीकडे उतरेपर्यंत” असा आकडा काठावर ठरवा आणि सुट्टे पैसे हातात ठेवा. त्याहून शहाणपणाचं म्हणजे कडेबागिलूच्या पुलावरून रिक्षाने वळसा घालून जा. लांब पडतं, महाग वाटतं, पण रिक्षा मध्येच गिरक्या घेत नाही. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की बोटी तशाही बंद, तेव्हा पुलाला पर्यायच नाही.

सगळ्यात बरं, एक रात्र आनेगुंदीतच राहा. वालीची गुहा, चिंतामणी मठ, नवबृंदावन (नदीतल्या बेटावरच्या नऊ माध्व संतांच्या समाध्या), सगळं तिकडेच आहे, आणि आमचं यातलं एकही झालं नाही. जुन्या लेखांत हंपीसमोर, नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डीवर राहायचा सल्ला सापडेल. तो विसरा. न्यायालयाच्या आदेशानंतर २०२० मध्ये तिथली बेकायदा गेस्टहाउसं पाडली.

आणि हरिगोलात बसायचंच असेल तर जुनी पँट घाला. माझीवरचं डांबर दोन धुण्यांत गेलेलं नाही.