२०१०चा कापूस

जिनिव्हा, नोव्हेंबर २०१८

आज 'बीझ' सुटलंय. तलावावरून येणारं हे वारं मफलरला जुमानत नाही. दिवसभर ऑफिसात बसूनही बोटं गार.

गहू-तांदळाचं मे महिन्यात झालंच होतं, आता अमेरिकेनं कापसावर बोट ठेवलंय. जागतिक व्यापार संघटनेत कागद फिरलाय: हमीभावातून भारत मर्यादेबाहेर आधार देतो, सोबत २०१०-११ पासूनचा हिशेब. मर्यादा म्हणजे उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के. महिनाअखेर शेती समितीत विषय निघणार. "तू यवतमाळचा ना?" म्हणत साहेबांनी भारताच्या उत्तराचं टिपण माझ्याकडे टाकलं. पहिलंच पोस्टिंग. गावाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

हिशेबाची रीत अशी. हमीभावातून १९८६-८८चा गोठवलेला आंतरराष्ट्रीय भाव वजा करायचा आणि उरेल त्याला 'पात्र' उत्पादनानं गुणायचं. १९८६ साली माझा जन्मही झाला नव्हता. राज्यात तेव्हा एकाधिकार खरेदी होती, बाबा बंडी घेऊन रात्ररात्र रांगेत असायचे. पण खरी मेख 'पात्र' या शब्दात. अमेरिकेनं देशात पिकलेला सगळाच कापूस त्यात धरलाय.

म्हणजे २०१०-११चा आमचाही! त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ३,००० रुपये क्विंटल होता आणि खेडा खरेदीचा व्यापारी दारात येऊन सहा हजारांच्या वर देऊन गेला. सरकारी काट्याकडे गावातलं कुणी फिरकलंच नाही. माझी पुण्याची फी त्यातूनच भरली. तो आधार सरकारचा कसा?

तावातावानं दोन पानं लिहिली. साहेबांनी शांतपणे वाचली आणि याच संघटनेतल्या कोरियाच्या गोमांस खटल्याचा २००० सालचा निकाल काढून एक परिच्छेद पुढे सरकवला. पात्र म्हणजे विकत घेतलेलं नव्हे, विकत घेण्याजोगं. "कोरियानं निदान किती घेणार ते जाहीर केलं होतं. आपण तर आकडाच ठरवत नाही." एवढंच बोलले. कान गरम झाले. दोन पानांच्या सात ओळी झाल्या, आणि त्यातल्या चार चलनावर: आपण डॉलरमध्ये मोजतो, ते रुपयात. रुपया १९८६ पासून इतका घसरलाय की रुपयात तो गोठवलेला भाव अगदीच किरकोळ दिसतो, आणि आधार फुगतो. निम्मं भांडण तिथंच आहे.

सहाला घरी फोन लावला, तिकडे साडेदहा. बाबा जागेच होते. सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे इकला व्यापाऱ्याले, अन् लिवला सरकारच्या नावानं?"

"हो."

"मंग तू काय लिवलं?"

डॉलरचं सांगायला लागलो. थोड्या वेळानं आई म्हणाली, ते झोपले.

टिपण सकाळी नऊला द्यायचंय. 'पात्र'च्या जागी दुसरा शब्द बसतो का, ते अजून पाहतोय.