रिपोर्ट शुक्रवारीच आला होता: क्लिनिकशी सात महिने भांडले त्याचा माझा अनुभव

आमच्या कुत्रीला, बिमलीला, जाऊन आता वर्ष होत आलं, त्यामुळे हे काही मी रडत रडत लिहीत नाहीये. दुकानात येणारे बरेच जण विचारतात की त्या क्लिनिकवाल्यांकडून पैसे कसे काढलेस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते. पैसे हा त्यातला सगळ्यात लहान भाग होता, पण लोक विचारतात तेच.

माझं गोव्यात डिचोली बाजारात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बिमली दुकानासमोर पावसात सापडलेलं पिल्लू. कायम आंबट तोंड करून बघायची म्हणून सासूबाईंनी बिमली (आमच्याकडचं आंबट फळ) नाव ठेवलं. सात वर्षं काउंटरखाली झोपली, अर्ध्या डिचोलीच्या आधार कार्डांवर तिचे केस चिकटून गेले असतील.

गेल्या जुलैत एका मंगळवारी तिने खाणं सोडलं. मी म्हटलं गडगडाट चाललाय, घाबरली असेल. बुधवारी दहीभात ठेवला तर फक्त हुंगून परत झोपली. गुरुवारी रात्री मिस्टरांनी ओठ वर करून दाखवला, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. म्हणजे दोन-अडीच दिवस माझे गेले, हे मी आधीच कबूल करते कारण पुढे हेच माझ्यावर उलटलं. आणि मानेवर टाकायचा गोचिडांचा थेंब एप्रिलनंतर टाकलाच नव्हता, पावसात धुऊन जातो असं आपलं मीच ठरवलेलं.

शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बाजूला एका खाजगी क्लिनिकमध्ये नेलं. नाव घेत नाही. एसी वेटिंग रूम, काचेचं दार, भिंतीवर लॅब्राडॉरचे फोटो. तरुण डॉक्टरने बघितलं, रक्त घेतलं, सलाईन लावलं, उलटीचं आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी सातला मी फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, हो रिपोर्ट आलाय, तसं काही विशेष नाही, उद्या परत सलाईनला आणा. शनिवारी परत नेलं, परत सलाईन. रविवारी बंद, इमर्जन्सी नंबर वाजत राहिला. सोमवारी पहाटे तिच्या नाकातून रक्त आलं, थांबेचना.

आम्ही तिला चादरीत गुंडाळून पणजीला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोटाची कातडी उजेडात धरून दाखवली, टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके सगळीकडे. पहिला प्रश्न विचारला, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती होत्या? मी म्हटलं रिपोर्ट नॉर्मल होता. ते काही बोलले नाहीत, काचेवर रक्ताचा थेंब ओढला, मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि म्हणाले टिक फीव्हर आहे, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप, एर्लिकिया, उशीर झालाय पण बघू. प्लेटलेट्स चौदा हजार आल्या, कुत्र्याला कमीत कमी दोन लाख तरी लागतात. रक्त द्यायला दुसरा कुत्रा शोधेपर्यंत रात्र झाली. मंगळवारी पहाटे गेली.

यावर जास्त लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. आठवड्याने मी पहिल्या क्लिनिकमध्ये फाईल मागायला गेले. रिसेप्शनवाली म्हणाली डॉक्टर नाहीत, पण फाईल तिच्या हातातच होती, मी हात पुढे केला आणि तिने दिली. आत केस पेपरला एक छोटी चिठ्ठी स्टेपल केलेली होती, रक्ताच्या मशीनमधून निघते तशी. माझं आयुष्य कागदात गेलंय त्यामुळे मी आधी तारीख-वेळ बघते. शुक्रवार, संध्याकाळी ५ वाजून ४७ मिनिटं. खाली प्लेटलेट्ससमोर ३१, म्हणजे एकतीस हजार, आणि बाजूला कमी असल्याची खूण. केस पेपरवर मात्र त्याची एक ओळ नाही. मी सातला फोन केला तेव्हा ती चिठ्ठी निघून सव्वा तास होऊन गेला होता.

आणखी एक गोष्ट, ही माझ्या धंद्यातली. ती चिठ्ठी थर्मल पेपरची, बस तिकिटासारखी. उन्हात, गरम गाडीत, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवली की काही महिन्यांत कोरी होते. मी घरी न जाता सरळ दुकान उघडलं, चार झेरॉक्स काढल्या, स्कॅन केलं, मोबाईलवर फोटो घेतला. हे केलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्यानंतर मात्र गाढवपणा केला. रात्री अकराला गूगलवर रिव्ह्यू टाकला. काय टाकला ते आता वाचवत नाही, "डॉक्टर नव्हेत कसाई", "पैशासाठी रक्त काढतात" वगैरे. चिठ्ठीचा फोटो टाकायचा राहूनच गेला, विचार करा. सकाळपर्यंत माझ्या मावसभावाने, त्याच्या ऑफिसातल्या पाच जणांनी, कधी त्या क्लिनिकची पायरीही न चढलेल्या लोकांनी एकेक स्टार देऊन टाकला. मला बरं वाटलं हे खोटं कशाला बोलू. तीन दिवसांनी क्लिनिकचं उत्तर आलं: पेशंट अत्यंत उशिरा आणला, मालकिणीने गोचीड प्रतिबंध केला नव्हता, आणि वर १,८५० रुपयांचं बिल न भरता निघून गेल्या. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या म्हणून जास्त झोंबल्या. तिसरी धादांत खोटी, माझ्याकडे यूपीआयचा स्क्रीनशॉट होता. मग त्यांचे लोक आले, पाच-पाच स्टार, "असे मालक असतील तर कुत्री पाळूच नयेत". सासूबाईंना कोणीतरी ते वाचून दाखवलं, त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

आणि मग वकिलाची नोटीस आली. बदनामी, भारतीय न्याय संहिता कलम ३५६, पंधरा दिवसांत रिव्ह्यू काढा, माफी मागा, नाहीतर दहा लाख. दुसऱ्यांच्या नोटिसा मी रोज टाईप करते पण आपल्या नावाची हातात आली की पायातलं बळ जातं.

आमच्या दुकानात झेरॉक्सला येणारे एक वकील आहेत, त्यांना दाखवली. त्यांनी नोटीस बाजूला ठेवून आधी माझा रिव्ह्यू वाचला आणि म्हणाले, "बाय, हें काड पयलीं." मी तापले, म्हटलं तुम्ही पण त्यांच्याच बाजूचे. तर म्हणाले, कसाई हे तू कोर्टात कसं सिद्ध करणार? पाच सत्तेचाळीस सिद्ध करायला तुला काय लागतं? कागद. तो आहे तुझ्याकडे. मग कसाई कशाला हवाय?

पुढचा सगळा मार्ग यातूनच निघाला म्हणून हे नीट सांगते. मी एक महिना "चुकीचं निदान केलं" म्हणून भांडत होते. ते सिद्ध करायचं तर दुसऱ्या डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. पणजीचे डॉक्टर चांगला माणूस, स्वतःचे सगळे कागद सही करून दिले, पण दुसऱ्याची चूक झाली असं लिहून द्यायला तयार नव्हते, आणखी दोघांना विचारलं, त्यांनी विषयच बदलला. गोवा केवढासा, सगळे एकमेकांना ओळखतात. वकील म्हणाले निदानाचं सोड. रिपोर्ट हातात असून मालकाला सांगितला नाही, याला पशुवैद्यकशास्त्र कशाला लागतं? ही सरळ सेवेतली त्रुटी. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच माणसांच्या हॉस्पिटलच्या एका केसमध्ये सांगितलंय.

मी हुशारी करून म्हटलं की ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचा नियम आहे ना, तो लावू. तर तो माणसांच्या डॉक्टरांसाठीचा, २००२ च्या नियमांतला, जनावरांच्या दवाखान्याला तो चालत नाही. गल्लीतल्या कुत्रीची बाजारात किंमत किती असंही वकिलांनी विचारलं. शून्य. कायद्याच्या हिशोबात जनावर म्हणजे मालमत्ता, त्यामुळे ती गेली याची भरपाई म्हणून फार काही धरू नकोस, बिल आणि मनस्ताप एवढंच माग. ते ऐकून मी दुकानाच्या मागे जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

मग काय काय केलं ते भराभर सांगते. जुना रिव्ह्यू काढला, मावसभावाला आणि त्याच्या मित्रांना त्यांचे काढायला लावले (एकाने अजून काढलेला नाही, मरू दे). त्यांच्या नोटिसीला एका पानाचं उत्तर, सोबत चिठ्ठीची आणि यूपीआयची झेरॉक्स. क्लिनिकला माझी नोटीस स्पीड पोस्टने. उत्तर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग. आयोगासाठी वकील लागतोच असं नाही, आपण स्वतः उभं राहू शकतो. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर फी शून्य. त्या क्लिनिकचं माझं बिल सगळं मिळून ६,३०० होतं. ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवर भरलं, तीनदा पीडीएफ मोठी झाली म्हणून परत आलं, रोज लोकांच्या पीडीएफ लहान करून देणारी मी, माझीच होत नव्हती.

मजा बघा, आम्ही घरात मराठी बोलतो, बाजारात कोकणी, आणि भांडायला लागलो की सगळे कागद इंग्लिशमध्ये. तक्रारीत मी पहिल्यांदा तेरा पानं लिहिली होती, बिमली कशी सापडली तिथपासून. वकिलांनी पेन्सिलने काट मारत मारत तीन पानं ठेवली. माझा उशीर आणि गोचिडाचा थेंब हे मात्र काढू दिलं नाही, उलट दुसऱ्या परिच्छेदात वर आणलं. तू सांगितलंस तर कबुली, त्यांनी सांगितलं तर आरोप.

राज्य पशुवैद्यक परिषदेकडेही वेगळी तक्रार पाठवली, १९८४ च्या कायद्याखाली डॉक्टरांची नोंदणी त्यांच्याकडे असते. तिथून पोच आली, पुढे अजून काही नाही.

आयोगाच्या तारखा म्हणजे डिचोली-म्हापसा बस, मग पणजीची बस धरून पर्वरीला उतरायचं, दुकान बंद, आणि पुढची तारीख घेऊन परत. समोरच्याला उत्तराला तीस दिवस, वर पंधरा वाढवून मिळतात, ते त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत वापरले. उत्तरात लिहिलं की मशीन कधी कधी प्लेटलेट्स कमी दाखवतं, गुठळ्या होतात, म्हणून तो आकडा विश्वासार्ह नव्हता. हे खरं आहे, पणजीच्या डॉक्टरांनीही मला तेच सांगितलं होतं. पण म्हणूनच मग काचेवर थेंब ओढून डोळ्याने बघतात, ते केलं का? आणि आकडा पटला नाही तर "विशेष काही नाही" कसं सांगितलं? मी एवढंच विचारलं, तेही अडखळत. त्यांच्या वकिलांनी पुढची तारीख मागितली.

त्या पुढच्या तारखेला बाहेर बाकावर मोठे डॉक्टर, म्हणजे क्लिनिकचे मालक, स्वतः येऊन बसले. तोपर्यंत मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. म्हणाले, तो पोरगा सहा वाजता ड्युटी संपवून गेला, चिठ्ठी त्याच्या ट्रेमध्ये राहिली, शनिवारी दुसरी डॉक्टर होती, तिने ट्रे बघितला नाही. बस, इतकंच. सात महिने मी ज्याच्यासाठी भांडत होते ते त्यांनी दीड मिनिटात सांगितलं, पेपर कपमधला चहा हलवत. मी विचारलं हे तुम्ही जुलैत का नाही सांगितलं? म्हणाले, तुम्ही आम्हाला कसाई म्हणालात.

आता याला काय उत्तर द्यायचं, मी गप्प बसले.

मिटवायचं ठरलं. त्यांनी बिल आणि खर्च धरून पंचवीस हजार, ट्रेची गोष्ट लेटरहेडवर सहीनिशी, आणि ती १,८५० ची ओळ मागे घ्यायची. बदनामीची नोटीसही मागे. त्यांना हवं होतं की मी परत कधी काही लिहायचं नाही, ती अट मी मानली नाही, त्यावर अर्धा तास गेला, शेवटी "फक्त कागदावर आहे तेवढंच लिहीन" यावर दोघांनी सह्या केल्या आणि आयोगासमोर तशी नोंद झाली. पंचवीसमधले निम्मे पणजीच्या बिलात गेले.

मूळ चिठ्ठी परवा फाईलमध्ये बघितली. वरची तारीख अजून दिसते, खालचे आकडे उडाले. रिव्ह्यू मी नवीन टाकलाय, चार ओळींचा: शुक्रवारी रक्त घेतलं. रिपोर्ट ५ वाजून ४७ मिनिटांनी आला. आम्हाला कळवला नाही. क्लिनिकने हे लेखी मान्य केलंय. खाली झेरॉक्सचा फोटो. त्याला आजपर्यंत तीन जणांनी लाईक दिलंय, त्यात एक मावसभाऊ.