बर्फातला राक्षस सोलापूरच्या उन्हात वाचताना

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये घराचा पाया निदान ४८ इंच खाली न्यावा लागतो, कारण थंडीत जमीन तेवढी खोल गोठू शकते. सोलापूरकरांच्या डोळ्यांपुढे हे चटकन येणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, इथे जानेवारीत मातीचा दगड होतो. सव्वाशे वर्षांपूर्वी यंत्रं नव्हती, मग ऐन हिवाळ्यात गेलेल्या माणसाला पुरणार कसं? त्यासाठी दफनभूमीतच दगडी कोठडी बांधलेली असे. प्रेतं तिथे ठेवायची आणि जमीन सुटली की पुरायची. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की या भागातल्या भयकथा वाचणं सोपं जातं. इथल्या भीतीची मुळं भुतांपेक्षा हवामानात जास्त आहेत.

हे सांगण्याचं कारण म्हणजे रिक यान्सी यांची 'द मॉन्स्ट्रमॉलॉजिस्ट' ही मालिका. किशोरांसाठी लिहिलेल्या गॉथिक, म्हणजे जुनी घरं, काळोख आणि दडलेली रहस्यं यांच्या, भयकथांमध्ये राक्षसांची शिकार हा विषय घेणाऱ्या मालिका बऱ्याच आहेत, पण एवढ्या कसाने लिहिलेली दुसरी मला ठाऊक नाही. पुस्तकं चार. 'द मॉन्स्ट्रमॉलॉजिस्ट' २००९ साली आलं, 'द कर्स ऑफ द वेंडिगो' २०१० साली, 'द आइल ऑफ ब्लड' २०११ साली आणि 'द फायनल डिसेंट' २०१३ साली. पहिल्या पुस्तकाला २०१० साली मायकेल प्रिंट्झ सन्मान मिळाला. किशोरसाहित्यात तो अमेरिकेत फार मानाचा समजतात.

काळ १८८८ चा, गाव मॅसॅच्युसेट्समधलं पण काल्पनिक. डॉक्टर पेलिनोर वॉर्थ्रॉप राक्षसांचा शास्त्रीय अभ्यास करतात. त्यांच्या हाताखाली विल हेन्री नावाचा बारा वर्षांचा पोरका मुलगा आहे. आपल्याकडे सोनाराच्या किंवा सुताराच्या हाताखाली पोरं उमेदवारी करत, तशी ही राक्षसविद्येतली उमेदवारी. तेव्हाचं सोलापूर आठवून पाहा: रेल्वे १८६० साली आलेली, जुनी गिरणी नुकतीच धडधडू लागलेली, रात्री घरात रॉकेलचा दिवा. कथेतल्या घरातही उजेड दिव्याचाच आहे, आणि तळघरातलं निम्मं भय त्या दिव्याच्या पलीकडच्या अंधारात आहे. डिसेंबरात बॉस्टनला सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सोलापूरला त्या वेळी अजून दीड तासाहून जास्त ऊन शिल्लक असतं. कथेत संध्याकाळचे पाच म्हटलं की काळोख धरा.

पहिल्या पुस्तकातला राक्षस मराठी वाचकाला नवा वाटायचं कारण नाही. त्याला डोकं नाही, डोळे खांद्यांवर, तोंड पोटात. नाव अँथ्रोपोफॅगाय, म्हणजे नरभक्षक. ग्रीक आणि रोमन लेखकांनी अशा बिनडोक्याच्या माणसांची वर्णनं करून ठेवली आहेत आणि शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मध्येही त्यांचा उल्लेख येतो. पण आपल्याला एवढं लांब जावं लागत नाही. अरण्यकांडातला कबंध आठवा. इंद्राच्या वज्राने डोकं धडात गेलेलं, पोटात तोंड, छातीवर एक डोळा, योजनभर लांब हात. मूळ रूप इतकं जवळचं आहे की पहिल्यांदा वर्णन वाचताना थबकायला होतं. फरक पुढे आहे. राम-लक्ष्मण कबंधाचे हात तोडतात, त्याला अग्नी देतात, तो शापातून सुटतो आणि सुग्रीवाकडे जायची वाट सांगतो. इथल्या राक्षसाला शाप नाही आणि मुक्तीही नाही. त्याला टेबलावर आडवा घालून चिरतात, मोजतात आणि वहीत नोंद करतात.

हे चिरण्याचं दृश्य पहिल्या पन्नासेक पानांतच येतं, आणि बरेच जण तिथे पुस्तक मिटतात. रक्तापेक्षा तपशिलाचा त्रास जास्त होतो, कारण लेखक एकही पायरी गाळत नाही. तेवढी पानं दिवसा, एका बैठकीत, जेवणानंतर निदान दोन तासांनी वाचा. जेवताना ताटाशेजारी पुस्तक ठेवायची सवय असेल तर या मालिकेपुरती मोडा. दृश्य गाळून पुढे जाऊ नका. डॉक्टर मुलाशी कसे वागतात ते याच पानांत कळतं, आणि चारही पुस्तकं त्या नात्यावर उभी आहेत.

नारायण धारपांच्या समर्थकथा ज्यांनी वाचल्यात त्यांना ही जोडी ओळखीची वाटेल. तिथे समर्थ आणि अप्पा, इथे डॉक्टर आणि विल. पण समर्थ आले की वाचकाला धीर येतो, त्यांच्या मागे साधनेचं बळ असतं. वॉर्थ्रॉप यांच्याकडे मंत्र नाही, अंगारा नाही आणि मायेचा शब्द तर नाहीच. कंदील, बंदूक, हत्यारांची पेटी आणि स्वतःच्या बुद्धीवरचा टोकाचा विश्वास एवढंच भांडवल, आणि त्याची किंमत मुलगा मोजतो. माझ्या मते मालिकेतली खरी भीती तीच आहे. धारप वाचले नसतील तर आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन एखादी समर्थकथा मिळते का पाहा, आणि मग इकडे वळा. दोन्हीकडचे दोर जोडलेले दिसतील.

भाषेचं सांगतो. इंग्रजी मुद्दाम एकोणिसाव्या शतकाच्या वळणाचं आहे, वाक्यं लांब आणि शब्द जड. मराठी किंवा सेमी माध्यमातल्या दहावी-अकरावीच्या वाचकाने पहिली तीस पानं शब्दकोश न उघडता वाचावीत. पानाला तीनच शब्दांखाली पेन्सिल मारायची आणि प्रकरण संपल्यावर तेवढेच शोधायचे. ओळीओळीला फोन उघडला की लय तुटते, आणि भयकथेत लय तुटली की हाती काही उरत नाही. काही शब्द मात्र आधीच माहीत असू द्या. 'फोलिओ' म्हणजे आपल्याकडे हस्तलिखिताचं बाड असतं तसं. पुस्तक अशा बाडांत विभागलेलं आहे, कारण विल हेन्री २००७ साली वारला आणि त्याच्यामागे ही रोजनिशी सापडली अशी कथेची चौकट आहे. विलचा जन्म १८७६ चा, तेव्हा वयाचा हिशेब करून पाहा आणि तो कोडं म्हणून मनात ठेवा. 'नेक्रॉप्सी' म्हणजे प्राण्याचं शवविच्छेदन. माणसाचं असतं तेव्हा 'ऑटोप्सी' म्हणतात. डॉक्टर कुठे कोणता शब्द वापरतात ते बघा, कारण समोर पडलेल्याला ते काय समजतात ते त्या एका शब्दात असतं.

आणि 'इंडिस्पेन्सेबल'. म्हणजे ज्याच्यावाचून भागत नाही असा. हा शब्द डॉक्टर विलला उद्देशून वापरतात. जिथे येईल तिथे समासात खूण करा. पहिल्यांदा तो शाबासकीसारखा वाटतो, पुढे बेडीसारखा, आणि त्याही पुढे काय वाटतो ते इथे सांगत नाही.

दुसरं पुस्तक वेंडिगोचं. वेंडिगो हे नाव खेळांमुळे आणि चित्रपटांमुळे मुलांना आधीच माहीत असतं, म्हणून पुष्कळ जण सुरुवातच इथून करतात आणि फसतात. डॉक्टर एवढे अडून का बसतात, मुलगा गप्प का राहतो, यातलं काहीच लागत नाही. क्रम मोडू नका.

वेंडिगो ही ओजिब्वे, क्री वगैरे उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांची श्रद्धा. कडाक्याच्या हिवाळ्यात अन्न संपलं आणि माणसाने माणूस खाल्ला की तो वेंडिगो होतो. खाईल तितका वाढतो आणि वाढेल तितकी भूक वाढते, म्हणून पोट कधीच भरत नाही. चित्रपटांत त्याला हरणाची शिंगं लावून टाकतात, त्याने मूळ अर्थ झाकला जातो. हा भुकेचा राक्षस आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माणसाला तो कळायला कोशाची गरज पडू नये. घरात कोणी बहात्तरचा दुष्काळ पाहिलेलं असेल तर त्यांना सुकडीबद्दल विचारा, लाल मिलोच्या भाकरीबद्दल विचारा, खडी फोडायला गेलेल्या बायांबद्दल विचारा. त्या गप्पांनंतर दुसऱ्या पुस्तकातला जंगलाचा भाग वाचा. बर्फ आणि तापलेला माळ यांत फरक फार नाही, दोन्हीकडे चूल थंड पडलेली असते.

या पुस्तकातलं भांडण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. राक्षसांचा अभ्यास करणारे डॉक्टरच ठामपणे म्हणतात की वेंडिगो वगैरे काही नसतं, आणि त्यांचे गुरू उलट बाजूला उभे. पुरावा म्हणजे काय, यावर शेवटपर्यंत ओढाताण चालते.

हे भांडण हवेतलं नाही, आणि इथे थोडं थांबायला हवं. शेजारच्या ऱ्होड आयलंडमधल्या एक्सेटर गावात जानेवारी १८९२ मध्ये मर्सी ब्राउन ही १९ वर्षांची मुलगी क्षयाने गेली. आई आणि बहीण आधीच गेल्या होत्या, भाऊ एडविन अंथरुणावर. गावकऱ्यांना वाटलं, मेलेल्यांपैकी कोणीतरी थडग्यातून त्याचा जीव शोषतंय. १७ मार्चला तिघींची प्रेतं तपासली. आई आणि बहिणीचे सांगाडे उरले होते. मर्सीचं शरीर मात्र बरंचसं शाबूत होतं आणि काळजात रक्त होतं. गावाला पुरावा मिळाला. काळीज जाळून त्याची राख पाण्यातून एडविनला पाजली. तो दोन महिन्यांच्या आत गेला.

आता सुरुवातीची दगडी कोठडी आठवा. मर्सीला जाऊन दोनच महिने झाले होते आणि तेही भर हिवाळ्यात, जमिनीवरच्या त्या थंडगार कोठडीत. शरीर टिकलं ते गारठ्याने. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे दहा वर्षं आधीच दाखवून दिला होता. ज्ञान होतं, गावापर्यंत पोचलं नव्हतं. मालिकेतला प्रत्येक वाद या एका घटनेशी ताडून पाहता येतो. म्हणून दुसरं पुस्तक हातात घेण्यापूर्वी ही हकिगत माहीत असावी असं मी आग्रहाने सांगेन. मालिकेतले थडगी उकरणारे चोरही निव्वळ कल्पनेतले नाहीत. वैद्यक शिकवायला प्रेतं मिळत नसत म्हणून ती चोरून विकली जात. मॅसॅच्युसेट्सने १८३१ साली कायदा करून बेवारस प्रेतं शवविच्छेदनासाठी द्यायला सुरुवात केली ती त्यामुळेच.

तिसरं पुस्तक सगळ्यांत जाड, पाचशे पानांच्या वर. लंडन, व्हेनिस, एडन करत ते सोकोत्रा बेटावर जातं. नकाशा उघडून बसा. गंमत अशी की त्या काळी एडनचा कारभार मुंबई इलाख्याखाली होता, आपलं सोलापूरही त्याच इलाख्यात. म्हणजे डॉक्टर एडनच्या बंदरात उतरतात तेव्हा ते एका अर्थाने आपल्याच सरकारच्या हद्दीत असतात. सोकोत्रा खरं बेट आहे, आज येमेनकडे आहे, आणि तिथल्या छत्रीसारख्या झाडांतून रक्तासारखा लाल चीक निघतो. तिथली झाडं आधी चित्रात बघून घ्या.

मिळवायचं कसं, तर इथून येणाऱ्या नातेवाइकाला सांगा. चारही पेपरबॅक मिळून साधारण दीड-दोन किलो भरतात. वेगवेगळ्या आवृत्त्यांची मुखपृष्ठं वेगळी दिसतात, आतला मजकूर तोच, तेव्हा जुन्या बाजारात मिळालेली प्रत बिनधास्त घ्या. इथल्या वाचनालयांची ई-पुस्तकं त्या त्या गावच्या सभासदांसाठी असतात, सोलापुरातून त्यांचा उपयोग नाही. राक्षसांची माहिती इंटरनेटवर शोधत बसू नका, पहिल्याच ओळीत शेवट फुटलेला असतो.

इथे पुस्तकावर किशोर असा शिक्का असला तरी बारा वर्षांच्या मुलाला देऊ नये. माझ्या मते चौदा पूर्ण झाल्यावर, आणि घरातल्या कोणा मोठ्याने आधी पहिलं पुस्तक वाचलेलं असावं. मूल रात्री घाबरलं तर "त्यात काय एवढं" म्हणू नये, कशाची भीती वाटली ते विचारावं. सोलापुरात एकाच गल्लीत भूत, तेलुगूतलं दय्यम आणि कन्नडातलं देव्व शेजारी शेजारी राहतात. पूर्व भागातल्या कुठल्याही आजीकडे या बाबतीत डॉक्टरांपेक्षा जास्त धीर असेल.

चौथं पुस्तक सगळ्यात बारीक पण सगळ्यात अवघड. त्यात काळ मागे-पुढे उड्या मारतो, विल कधी मुलगा तर कधी मोठा माणूस. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला समासात त्याचं वय लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्याच प्रकरणात चुकामूक होते. तिसरं संपल्यावर निदान आठवडाभर जाऊ द्या. त्या आठवड्यात 'इंडिस्पेन्सेबल'वर केलेल्या पेन्सिलच्या खुणा पहिल्यापासून चाळा आणि मगच चौथं उघडा.