आमची वाटचाल : रबराला जंगल म्हटलं नाही, त्याची गोष्ट

1999 साली कोल्हापुरात उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणारी फर्म काढली तेव्हा इमेजरी (ती चित्रं) मागवायची म्हणजे हैदराबादला एनआरएसएकडे, राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेकडे, डिमांड ड्राफ्ट पाठवायचा आणि सीडीची वाट बघायची. लिस-थ्री या भारतीय उपग्रहांवरच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, 23.5 मीटरचा, छोटी काजूबाग दोन-चार ठिपक्यांत संपायची. तेव्हाचं लाइट टेबल, खालून उजेड येणारं ट्रेसिंगचं टेबल, आम्ही अजून मोडीत काढलेलं नाही. नव्या पोरांना मी आधी त्यावर ट्रेसिंगला बसवतो. कुरकुरतात, पण टोपोशीटवरचा (सर्वेक्षणाच्या नकाशावरचा) ओहोळ एकदा हाताने काढला की तो भाग डोक्यात बसतो.

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे दोडामार्गचे एक मल्याळी रबर बागायतदार. आम्ही त्यांना चेट्टन, म्हणजे मल्याळीत दादा, म्हणतो. आमची प्रिंट ते बागेत घेऊन जायचे आणि शिसपेन्सिलीने त्यावर लिहून परत पाठवायचे : हा तुकडा कुठल्या साली लावला, इथे पावसाळी पानगळीचा रोग आला, इथे चीक कमी. इतकं चोख ग्राउंड ट्रुथ, म्हणजे जागेवरची खातरजमा, आम्हाला पगारी माणसांकडूनही मिळालं नाही.

रबर ओळखायचं कसं, हेही त्या प्रिंटांनीच शिकवलं. पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एफसीसीवर, म्हणजे हिरवळ लाल दाखवणाऱ्या चित्रावर, सगळंच लालभडक : रबर, काजू आणि रानातले ऐन, किंजळ. पण रबर जानेवारीच्या सुमारास पानं टाकतं आणि मार्चपर्यंत पुन्हा भरतं. ऐन-किंजळ मात्र एप्रिलातही उघडे असतात, आणि काजू कधी उघडा पडतच नाही. त्यामुळे एका हंगामाच्या सीनवर (एकाच वेळच्या चित्रावर) वर्गीकरण करून देणाऱ्याला कुणी पैसे देऊ नयेत, हे मी विचारलं नसतानाही सांगतो.

2009 साली नेमकं तेच झालं. एका लागवड कंपनीला शाश्वततेचा अहवाल हवा होता : आमची लागवड पडीक जमिनीवर आहे, जंगल तोडून केलेली नाही. आमच्या जुन्या सीडींमध्ये त्याच गट नंबरांवर निमसदाहरित रान स्वच्छ दिसत होतं. आम्ही तसं लिहिलं. कंपनीने अहवाल परत केला, बिल थांबवलं. मग आमच्याच शहरातल्या एका फर्मने नोव्हेंबरचा एक सीन घेतला, पूर्ण रबर ‘दाट वन’ म्हणून रंगवलं आणि गुळगुळीत कागदावर छापून दिलं. विचारलं तर म्हणे, भारतीय वन सर्वेक्षणाच्या जंगलाच्या व्याख्येत बसतं. बसतं, खरंच बसतं! 1 हेक्टर क्षेत्र आणि झाडांचं 10 टक्के छत्र असलं की जात आणि मालकी न बघता ते वनाच्छादनात धरतात. पण ती व्याख्या आच्छादन मोजायला आहे. तिथे आधी काय होतं, हे ती सांगत नाही.

त्या वर्षाचं निम्मं उत्पन्न त्या कामावर होतं. प्लॉटर (मोठे नकाशे छापायचं यंत्र) विकला, दोन चांगली मुलं पुण्याला गेली, सौ.ची ठेव मोडली. चेट्टनना कुठून तरी कळलं. त्यांनी पुढच्या तीन वर्षांच्या नकाशांचे पैसे आगाऊ पाठवले, सोबत चिठ्ठी नाही, फक्त चेक.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचा साठा फुकट झालाच होता, 2015 पासून सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचा 10 मीटरचा डेटा मिळू लागला. पावसाळ्यात ढगांमुळे तोही आंधळा. तेव्हा ढगांतून पाहणाऱ्या सेंटिनेल-1 च्या रडारवर भागवावं लागतं. आणि आता युरोपीय संघाचा नियम आला : 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तुटलेल्या जमिनीवरचं रबर त्यांना नको, आणि 4 हेक्टरच्या वरच्या बागेची हद्द पॉलिगॉनने, म्हणजे कडेच्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश जोडून, द्यायची. जो तो जुनी इमेजरी शोधतोय. बागायतदारांनी आत्ताच सातबाऱ्याच्या हद्दीवर जीपीएस घेऊन स्वतः फिरावं. एजंटाने घरी बसून काढलेली शेपफाइल (हद्दीची संगणकी फाइल) बहुधा शेजाऱ्याच्या आंब्यात घुसलेली असते.

मध्यंतरी त्या गुळगुळीत कागदवाल्या फर्मचा फोन आला. 2004 चा सीन आहे का, विचारत होते. दर सांगितला, आगाऊ. 2009 चं बिल मात्र अजून येणे बाकीत आहे. सीए दर मार्चला म्हणतात, बुडीत खाती टाका. मी टाकत नाही.