हरिश्चंद्रगड : लाव्हाच्या थरांवरून कोकणकड्यापर्यंत

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे सहाला आम्ही चौघांनी खिरेश्वर सोडले. १,४२४ मीटर उंचीच्या या गडावर पाचनईहून चढणे सर्वांत सोपे, आणि लहान मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर तीच वाट धरावी. पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक कसे साचत गेले, हे चालता चालता पाहायचे असेल तर खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणाऱ्या वाटेला पर्याय नाही.

खिंडीतले व्याघ्रशिल्प मागे टाकले की कातळटप्पा सुरू होतो. येथे रेलिंग आहेत, तरी खडक ओळखता आला पाहिजे. थराच्या पोटातला घट्ट काळा कातळ कोरडा असताना बुटाला उत्तम पकड देतो. थराच्या माथ्याचा खडक मात्र, लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकल्यामुळे, सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. आधारासाठी धरलेला अंड्याएवढा तुकडा असाच माझ्या हातात सुटून आला. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे, सुईसारखे स्फटिक चमकत होते. तो तिथेच ठेवला. भार टाकण्याआधी प्रत्येक दगड हलवून पाहावा, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर कितीही अनुभव असला तरी घाई करू नये.

पुढे पठारावरच्या टेकड्यांची चढउतार कंटाळवाणी आहे आणि धुक्यात येथे वाट हमखास चुकते. केदारेश्वराच्या गुहेतले पाणी डिसेंबरात पाय बधिर करते.

कोकणकड्यावर आम्ही सूर्यास्तापूर्वी पोहोचलो. हा कडा अर्धवर्तुळाकार तर आहेच, शिवाय खाली आतल्या बाजूला वळलेला आहे, म्हणजे काठावर उभे राहणाऱ्याच्या पायाखाली बऱ्याच ठिकाणी पोकळी असते. त्यामुळे शेवटचे दहा फूट पोटावर सरकतच जावे; दरीतून वर येणारा वारा तोंडावर आदळतो तेव्हा त्यामागचे कारण आपोआप कळते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांना येथेच इंद्रवज्र, म्हणजे वर्तुळाकार इंद्रधनुष्य, दिसले होते. ते पाहायचे तर दरीत ढग आणि पाठीशी सकाळचे ऊन हवे, म्हणून मुक्काम गडावरच करावा.

माणशी तीन लिटर पाणी आणि हेडटॉर्च सोबत असावा. पाचनईला उतरणार असाल तर वाहनाची सोय आधीच करून ठेवा. आमची गाडी डोंगराच्या पलीकडे, खिरेश्वरलाच राहिली होती आणि ती गाठण्यात रविवारची दुपार गेली.