अर्धा किलो खरा गुग्गुळ

एम. फार्म.च्या प्रबंधाला गुग्गुळ, म्हणजे त्याच नावाच्या झुडपाचा औषधी डिंक, घेतला तेव्हा कोलेस्टेरॉलवर काम करायचं माझ्या डोक्यात होतं. मार्गदर्शक मॅडमनी तिथेच अडवलं. "बनारसला सत्यवतींनी १९६६ मध्येच सशांवर ते करून ठेवलंय. आणि २००३ मध्ये अमेरिकेत माणसांवर चाचणी झाली, त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरायचं सोडून थोडं वाढलंच. तू आपली सूज बघ." आजी गुडघ्यांसाठी योगराज गुग्गुळ घ्यायची, म्हणून मलाही ते पटलं.

जोधपूरच्या बाजारातून अर्धा किलो आणला. "एकदम असली," असं दुकानदार तीनदा म्हणाला, तेव्हाच ओळखायला हवं होतं. गुग्गुळ खलात घातला की बत्त्याला चिकटून बसतो. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर कुटता येतो, हे कळायला माझे दोन दिवस गेले. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये अर्क काढून टीएलसीची, म्हणजे अर्कातले घटक ठिपक्यांत वेगळे करणारी, प्लेट अतिनील दिव्याखाली धरली. गुग्गुलस्टेरोन ही खऱ्या गुग्गुळाची खूण; त्याच्या प्रमाणित नमुन्याचे ई आणि झेड हे दोन ठिपके ठसठशीत. माझ्या रांगेत जेमतेम सावली. शेजारी साळईच्या झाडाचा डिंक लावून पाहिला, तर बाकीचे ठिपके त्याच्याशी हुबेहूब जुळले. साळई तर आमच्या सातपुड्यातच हवी तेवढी! एवढ्या लांब जाऊन मी तीच आणली होती.

मग थेट झुडपाकडे जायचं ठरवलं. त्यातही मेख होती. डिंक काढतात हिवाळ्यापासून, आणि तेव्हा झुडूप निष्पर्ण असतं. नुसत्या काटेरी फांद्या, कागदासारखी सुटणारी साल. वनस्पतीची ओळख पटवायला मात्र पानांची फांदी लागते, आणि पानं येतात पावसात. म्हणून बारमेरच्या त्याच शेतात मी दोनदा गेले. ऑगस्टमधली फांदी दाबून, वाळवून जोधपूरच्या वनस्पती सर्वेक्षण केंद्रात दाखवली, ओळख पटल्याचं प्रमाणपत्र घेतलं. फेब्रुवारीत डिंकासाठी पुन्हा हजर.

"अर्धा किलो हवाय," म्हटल्यावर शेतातले बाबा हसले. एक झुडूप सगळ्या हंगामात फार तर तेवढंच देतं. जास्त चिरा दिल्या तर वाळून जातं. जंगलातली अशीच संपत आली आहेत. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने गुग्गुळाला अतिसंकटग्रस्तांत टाकलंय, हे मी प्रस्तावनेत छान उतरवून काढलं होतं, पण मागणी करताना आठवलं नाही. रात्री गेस्टहाउसवर हिशोब पुन्हा मांडला. साठ ग्रॅमही पुरले असते. बाबांनी ऐंशी दिले.

पुढे उंदरांवरच्या प्रयोगाच्या परवानगीसाठी प्राणी-नीतिसमितीत चार महिने गेले. त्याबद्दल न बोललेलंच बरं. उंदरांच्या पंजाची सूज अर्काने उतरली, पण तुलनेच्या औषधाइतकी नाही. प्रबंधात तसंच लिहिलं.

बाजारातला तो अर्धा किलो अजून लॅबच्या कपाटात आहे. दर गुरुवारी आमचे लॅब असिस्टंट काका त्यातला चिमूटभर धुपाला नेतात. वास छान येतो म्हणतात.