एका कप्पीसाठी उद्यमनगर पालथं घातलं

ज्या कोल्हापूरनं शेतकऱ्यांना ऑइल इंजिनं दिली, त्या गावात हाताएवढी, मोकळी फिरणारी एक कप्पी मिळू नये? माझा राग अजून जात नाही.

मुलांना साधी यंत्रं (पुस्तकात सहा असतात: तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू, चाक-आस, उतरण) घरीच शिकवायची ठरवली होती. तरफेला काहीच अडलं नाही. अडकित्ता, चिमटा, कात्री सगळं घरात. फूटपट्टीखाली षटकोनी पेन्सिल ठेवली (गोल घेऊ नका, पट्टी घरंगळते) आणि टेकूपासून दुप्पट लांबचं एक नाणं जवळच्या दोन नाण्यांना तोलतं, हे धाकटीनं स्वतःच शोधलं. ग्रीक गणिती आर्किमिडीजनं हाच नियम इ.स.पू. तिसऱ्या शतकात भूमितीसारखा सिद्ध केला होता. कुऱ्हाड म्हणजे पाचर, बाटलीचं झाकण म्हणजे स्क्रू. झालं.

मग आली कप्पी. सिराक्यूजच्या हिएरॉन राजासमोर आर्किमिडीजनं माणसांनी आणि मालानं भरलेलं जहाज कप्प्यांच्या जोरावर एकट्यानं, बसल्या जागी ओढलं, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्कनं लिहिलंय. थोरल्यानं हे ऐकलं आणि हटूनच बसला, आपणही करायचं.

हार्डवेअरच्या दुकानातून साधी लोखंडी कप्पी आणली. दोरीचं एक टोक वर बांधलं, दुसरं हुकाच्या वजनकाट्याला, मधल्या कप्पीला किलोभर साखर. काट्यावर अर्धा किलो दिसायला हवा. वर ओढताना दिसले सातशे ग्रॅम, खाली सोडताना तीनशे! "मग आर्किमिडीज खोटं बोलला?" आता याला काय सांगायचं? कप्पी आसावर घासत होती, त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष.

बेअरिंगची, म्हणजे आत छऱ्यांवर फिरणारी कप्पी हवी म्हणून शिवाजी उद्यमनगर, आमची कारखान्यांची वसाहत, गाठलं. पहिल्या ठिकाणी, "वहिनी, शंभर नग असतील तर बोला." दुसरीकडे विचारलं, "ड्रॉइंग आणलंय काय?" थोरल्यानं वहीतलं चित्र पुढं केलं. त्यावर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, मटेरियल कुठलं, अशी उलटतपासणी. पोरगं पाचवीत आहे हो! तिसऱ्यानं मात्र काम घेतलं आणि "उद्या या" म्हणाला. उद्या गेलं की लाइट नाही, परवा गेलं की कारागीर गावाला. फोन केला की, "आत्ता लेथवर चढवतोय बघा." शेवटी कळलं की कप्पीसाठी दिलेला आमचा नायलॉनचा तुकडा टेबलाखाली होता तसाच पडून आहे. काम लहान होतं, मान्य. मग पहिल्याच दिवशी नाही म्हणावं की! माणूस रिकाम्या हातानं परत जातो, पण निदान दुसरीकडं तरी जातो. पोरगं रोज संध्याकाळी दारात उभं राहून विचारायचं, "झाली?"

कप्पी मिळाली ती आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडं. सरकत्या खिडकीखाली जी खाचेची चाकं असतात, त्यांत बेअरिंग असतं. बारीक दोरी त्या खाचेत बरोबर बसते. तुम्ही थेट तिथंच जा, उद्यमनगरचं नाव काढू नका. त्या चाकावर किलोला सव्वापाचशे ग्रॅम आले, वर ओढतानासुद्धा. आमच्या घरात त्या दिवशी जो आरडाओरडा झाला, तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला.

राहून गेलं: दोरीच्या दोन्ही बाजू सरळ उभ्या ठेवा. फाकल्या की काटा जास्त दाखवतो. आणि साखर एक फूट चढायला दोरी दोन फूट ओढावी लागते, हे मुलांना पट्टीनं मोजू द्या. जोर वाचला तो लांबीत भरला, हे त्यांना मोजल्यावरच पटलं.

अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं (हा जुना ग्रीक यंत्रज्ञ, वरचा राजा नव्हे) पाचच यंत्रं मोजली होती: चाक-आस, तरफ, कप्पी, पाचर, स्क्रू. उतरण त्याच्या यादीत नाही. पुस्तकात सहा आणि तुम्ही सांगता पाच, यावर भांडण होणार, तयारीत राहा.

ग्रीकांकडं वळलाच आहात, तर एराटोस्थेनीसही घ्या. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी इजिप्तमधल्या सिएनीत भरदुपारी सावली नाही आणि अलेक्झांड्रियात आहे, यावरून आणि दोन गावांमधल्या अंतरावरून त्यानं पृथ्वीचा घेर काढला. आपल्याकडं शून्य सावली, म्हणजे सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर असण्याचा दिवस, मेच्या पहिल्या आठवड्यात येते. उभी काठी आणि गच्ची पुरते. ऑगस्टमध्ये पुन्हा येते, पण त्यावर भिस्त ठेवू नका, तेव्हा कोल्हापुरात ऊन दिसतंय कुठं!